भंगारात किती जाईल?

नांदेड-कंधारकडच्या माणसाला 'म्युझियम पाहिलंय का?' असं विचारून बघा. तो लगेच 'पाहिलंय की' म्हणेल आणि हैदराबादच्या सालारजंगचं नाव घेईल. आमच्याकडून पुणं लांब, मुंबई त्याहून लांब, आणि हैदराबादशी आमचा १९५६ पर्यंत संसारच होता. त्यामुळे डोळ्यांचं ऑपरेशन, मोत्यांची खरेदी, शाळेची सहल आणि सालारजंग ही चारही कामं आम्ही एका खेपेत उरकतो. सालारजंगात जगभरातून आणलेल्या हजारो वस्तू आहेत. संगमरवरातून कोरलेली, तोंडावर झिरझिरीत पदर घेतलेली रेबेका आहे. परंतु आमच्या माणसाला आठवतं ते एकच. तिथल्या घड्याळातून दर तासाला एक बुटका दाढीवाला बाहेर येतो आणि टोल देऊन आत जातो. बाराच्या सुमारास तिथं जी गर्दी होते ती फक्त त्या दाढीवाल्यासाठी. त्याने बारा टोल दिले की मंडळी समाधानाने बाहेर पडतात. रेबेकाने पदर बाजूला केला असता तर तिच्याकडेही लोकांनी पाहिलं असतं.

या घड्याळाने आमची पुढची सगळी म्युझियमं बिघडवली. जगातल्या कुठल्याही संग्रहालयाबद्दल सांगायला गेलं की आमच्या गावात पहिला प्रश्न येतो, "तिथं काई वाजतंय का?"

खुद्द कंधार हे बिनतिकिटाचं संग्रहालयच आहे, पण कंधारचा माणूस ते पाहत नाही. पाहुणे आले तरच तो किल्ल्यात जातो. सकाळी पाहुण्याला चुरमुऱ्यांची सुशीला खायला घालायची, चहा द्यायचा आणि मग 'चला, किल्ला पाहून येऊ' म्हणायचं, हा रिवाज. किल्ला भुईकोट. भोवती खंदक, आत महाल, अंबारखाना, मशीद आणि जागोजागी मांडून ठेवलेल्या जुन्या मूर्ती. गावाचं नातं थेट राष्ट्रकूटांशी, तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी, म्हणजे दहाव्या शतकाशी. शेजारी त्याच काळातला जगत्तुंग समुद्र, म्हणजे तलाव. पाहुण्याला आम्ही हे सगळं सांगतो, पण त्याला हवं असतं भुयार. महाराष्ट्रात भुयार नसलेला किल्ला अजून बांधला गेलेला नाही. आमचं भुयार तर फार सोयीचं आहे. पाहुणे लातूरकडचे असले तर ते उदगीरला निघतं, हैदराबादचे असले तर गोवळकोंड्याला. एकदा दुबईहून आलेल्या एका जावयांनी विचारलं तेव्हा मात्र दाखवणाऱ्याची थोडी पंचाईत झाली.

गावाशेजारी क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले आहेत. अख्खी मूर्ती पन्नास फुटांच्या वर असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. इतका मोठा देव एके काळी उभा असलेल्या गावात आज सगळ्यात उंच काय, तर मोबाईलचा टॉवर. क्षेत्रपालाच्या पावलाशेजारी उभं राहून फोटो काढला की पाहुणा मुंगीएवढा दिसतो, म्हणून तो फोटो फार खपतो. कोणत्या राजाने मूर्ती घडवली, का घडवली, हे विचारणारा विरळा. आमचे साडू पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा त्यांनी पावलाकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो दगड आज काढायचा म्हटला तर वाहतूकच परवडना."

साडूंची ओळख इथंच करून देतो. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. तालुक्यातल्या निम्म्या विहिरींवरची जळलेली मोटार त्यांच्या हातून जाते. म्हणून कुठलीही वस्तू दिसली की त्यांच्या मनात दोनच प्रश्न उभे राहतात. पहिला, ही चालते का? दुसरा, नसेल तर भंगारात किती जाईल? पुण्यात एका ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात शोभेला ठेवलेलं पितळी तपेलं त्यांनी उचलून, हातात तोलून, वजन सांगितलं होतं. यजमानीण बाईंनी त्यानंतर चहा आणला, पण स्टीलच्या पेल्यात.

अशा साडूंना, त्यांच्या आणि माझ्या मंडळींना आणि रिटायर तलाठी असलेल्या मामांना घेऊन आमची क्रूझर तुळजापूर, पंढरपूर, कोल्हापूर अशा देवदर्शनाला निघाली. महाराष्ट्रातल्या छोट्या गावच्या संग्रहालयाला माणूस कसा मिळतो याचं उत्तर या गाडीत आहे. संग्रहालय देवळाच्या वाटेवर लागतं, म्हणून. सातारा जिल्ह्यातल्या औंधला यमाईचं मूळपीठ डोंगरावर आहे आणि त्याच डोंगरावर श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभं केलं. जागा निवडताना राजांनी माणसाचा स्वभाव ओळखला होता, असं माझं मत आहे. हेच संग्रहालय त्यांनी सपाटीवर, कचेरीशेजारी बांधलं असतं तर आमची मंडळी तिकडे फिरकली नसती. देवी पावली आणि चित्रं फुकट पदरात पडली.

मी गाडीतच जाहीर केलं, "हे बघा, तिथं काही वाजत नाही." तरीही सगळे उतरले.

आत राजा रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. आमच्या घरातल्या बायका चित्रांपुढे जितका वेळ थांबल्या तितका वेळ कलासमीक्षकही थांबत नसतील. त्यांनी साड्या पाहिल्या. काठ केवढा, पदर कुठल्या खांद्यावरून, नेसण बरोबर का चूक, सगळी तपासणी झाली. एका सुंदरीचा चेहरा फार उदास आहे असं मी म्हणालो, तर आमच्या मंडळींनी सांगितलं, "होईल नाही तर काय, एवढी जड साडी नेसून उभं केलंय तिला." रविवर्म्याने ऐकलं असतं तर त्याने मॉडेलला बसायला खुर्ची दिली असती.

मग हेन्री मूर. विसाव्या शतकातला इंग्लंडचा नावाजलेला शिल्पकार. त्याचं दगडातलं 'मदर अँड चाइल्ड' औंधच्या डोंगरावर आहे, ही गोष्ट लंडनमध्येही पुष्कळांना खरी वाटणार नाही. मामा त्यापुढे उभे राहिले. मागून पाहिलं, बाजूने पाहिलं. चाळीस वर्षं सातबाऱ्यात चुका शोधलेला माणूस. म्हणाले, "अर्धवट राहिलंय का हे? नाक दिसंना." मी आधुनिक कलेबद्दल दोन वाक्यं जुळवत होतो, तेवढ्यात साडूंच्या मंडळी म्हणाल्या, "लेकरू धरलंय नव्हं? मग नाक कशाला बघायलाव?" मी माझी दोन्ही वाक्यं गिळली.

हा राजा मोठा विलक्षण माणूस. स्वतः चित्रं काढायचा, रामायणावर त्याने चित्रमालिका केली. रोज सूर्यनमस्कार घालायचा आणि संस्थानातल्या शाळांतल्या पोरांनाही घालायला लावायचा. १९३०च्या दशकाअखेरीस त्याने गांधीजींच्या सल्ल्याने प्रजेच्या हाती राज्यकारभार दिला, त्याला 'औंधचा प्रयोग' म्हणतात. आमचा निजाम त्याच वेळी जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून गाजत होता आणि लिंबाएवढा हिरा कागदावर वजन म्हणून ठेवत होता. कागद उडू नयेत ही काळजी त्याला होती. कागदावर काय लिहिलंय याची काळजी त्याच्या प्रजेने करायची.

पण आम्ही औंधात थांबलो त्याचं माझं खरं कारण वेगळं होतं. याच राजाच्या आधाराने एका माणसाने लोखंडी नांगर मराठी मातीत उतरवला. लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. त्यांना व्हायचं होतं चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखलही झाले, आणि तिथं कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंगांधळा चित्रकार! मग ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग नांगर. रविवर्म्याच्या चित्रांनी भरलेल्या दालनात उभं राहून ही गोष्ट सांगायला मजा येते. एका रंगप्रेमी राजाने एका रंगांधळ्या माणसाला जागा दिली. मुळात चित्रकार व्हायला निघालेला तो माणूस चांगला चित्रकार झाला असता तर महाराष्ट्राला अजून काही निसर्गचित्रं मिळाली असती आणि जमिनी लाकडी नांगरानेच निघत राहिल्या असत्या.

"जागा किती दिली?" मामांचा प्रश्न अपेक्षित होता.

"३२ एकर. कुंडल रोड स्टेशनजवळ. शिवाय दहा हजार रुपये बिनव्याजी."

"जिरायत का बागायत?"

"निवडुंग. आणि साप."

"म्हंजे पोटखराबा," मामा समाधानाने म्हणाले.

त्या पोटखराब्यात, म्हणजे पिकाला नालायक ठरलेल्या जमिनीत, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. निवडुंग तोडले, घरं बांधली, ओतशाळा पेटवली. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना राखणीला ठेवलं, आणि त्यांनी राखण चोख केली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' असं नाव दिलं ते या निवडुंगावरूनच. मामांनी पोटखराब्याचा शेरा मारला होता त्या जमिनीवरून देशभर पंप गेले.

खरी गंमत मात्र नांगराची आहे. बेळगावात नांगर तयार झाला तेव्हा तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. मी ही हकीकत जरा तोऱ्यात सांगितली, आपले पूर्वज किती भोळे होते अशा चालीवर. मामा शांतपणे म्हणाले, "भोळे नव्हते. इचारत तरी व्हते." आणि गप्प बसले. आज आमच्या शिवारात दुकानदाराने दिलेली तणनाशकाची बाटली कोणी उलटी करून वाचत नाही, हे त्यांना म्हणायचं होतं. म्हणून मी पुढची हकीकत तोरा बाजूला ठेवून सांगितली.

ती अशी. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं. कारखाना बंद पडायची वेळ आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या आणि त्यांचे नांगर झाले.

साडू जागेवरच थांबले. दिवसभरात त्यांनी एकाही वस्तूपुढे असा चेहरा केला नव्हता.

"म्हंजे भंगारच!"

"तसं नव्हे…"

"तसंच. मी कवापासून तेच म्हणायलोय." साडूंचा आयुष्यभराचा प्रश्न एका छत्रपतींनी मान्य केला होता. तेव्हापासून कंधारच्या किल्ल्यातल्या तोफेकडे ते ज्या नजरेने पाहतात ती मला आवडत नाही. पुरातत्त्व खात्याने लक्ष ठेवावं.

पुढे किर्लोस्करवाडीला गेलो. कारखाना चालू आहे, आणि चालत्या कारखान्यात देवदर्शनाच्या गाडीतल्या मंडळींना कोण सोडणार? फाटकाबाहेरूनच पाहिलं. मग रेल्वे स्टेशनवर आलो. फलकावर तीन भाषांत 'किर्लोस्करवाडी'. माणसाच्या आडनावाचं स्टेशन. साडूंनी चपला काढल्या आणि फलकाला नमस्कार केला. आधी मला हसू आलं, मग आलं नाही. त्यांच्या घरातली चूल गेली पंचवीस-तीस वर्षं या नावाच्या जळक्या मोटारींवर पेटते.

आमच्या मराठवाड्याला किर्लोस्कर हे माणसाचं आडनाव आहे हे फार उशिरा कळलं. आमच्यासाठी ते आधी इंजिन होतं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली आणि पुढे वीज पोचायच्या आधी तिची डिझेल इंजिनं आमच्या विहिरींवर पोचली. माझ्या लहानपणी सगळं शिवार त्या टुकटुकाटाने जागं असायचं. कोणाचं इंजिन चालू आहे ते आवाजावरून ओळखणारी माणसं होती. नांगरही तसाच. लोखंडाच्या धडावरची ओतीव अक्षरं बोटाने चाचपत आमच्या वर्गातल्या एका पोराने बाराखडी गिरवली होती, आणि मास्तरांनी पाटीवर 'क' काढायला सांगितला की तो न चुकता 'कि' काढायचा.

शोध लावायचं वेड मात्र किर्लोस्करवाडीत संपलं असं कोणी समजू नये. साडूंच्या दुकानात अर्धा तास बसा. थ्री फेज वीज येत नाही, दोनच फेज येतात. मग आमचा शेतकरी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार पळवतो. वीज रात्री दोनला येते. मग तो 'ऑटो' बसवतो. वीज आली की मोटार आपोआप चालू, हा घरात घोरत. शोध उत्तम आहे. फक्त शिवारातल्या सगळ्यांनीच तो लावलेला असतो. त्यामुळे रात्री दोनला वीज आली की सगळ्या मोटारी एका क्षणात उठतात आणि डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळतो. मग आठ-दहा दिवस अंधार. या काळात शेतकरी डीपीसाठी वर्गणी करतात, आमदारांकडे जातात आणि साडू वायंडिंग भरतात. नवा डीपी आला की पहिल्याच रात्री सगळे 'ऑटो' पुन्हा जागेवर. एकट्याने शहाणपण केलं की पिकाला पाणी मिळतं, सगळ्यांनी केलं की साडूंना काम मिळतं. या शोधांचं पेटंट कोणी घेतलेलं नाही, आणि साडूंच्या मते घेऊही नये.

परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. औंधच्या राजाने जे जमवलं ते जमवलं, पण जमवण्यासाठी राजाच व्हावं लागतं असं नाही. आमच्याच मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, रामलिंगप्पा लामतुरे नावाचे गावचेच गृहस्थ होते. तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं सातवाहनकाळातलं शहर. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून पावसाने धुऊन वर आलेले मणी, नाणी, खापरं, मातीच्या बाहुल्या हा माणूस आयुष्यभर गोळा करत राहिला. गावातल्या लोकांनी त्याला काय म्हटलं असेल ते मी सांगायला नको. खापरं वेचणाऱ्याला आपल्याकडे जे म्हणतात तेच. आज तिथं त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय आहे. पॉम्पेईत सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीशी मिळतीजुळती बाहुली तेरची आहे, आणि जगभरचे अभ्यासक ती पाहायला येतात. तिथंही काही वाजत नाही.

कंधार तालुक्यात आज वाड्यावाड्यांच्या मागे, गोठ्याच्या कडेला, बाभळीखाली एक अख्खं यंत्रयुग पडलं आहे. लोखंडी नांगर, मोटेचं चाक, उसाचा चरक, थंड पडलेली डिझेल इंजिनं, काच फुटलेला प्रभाकर कंदील. हा कंदीलही औंध संस्थानातलाच, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा. ट्रॅक्टर आला, सबमर्सिबल आली आणि हे सगळं अडगळ झालं. दर आठवड्याला टेम्पो घेऊन भंगारवाला येतो, भोंग्यावर ओरडतो, आणि आजोबांनी बैल विकून घेतलेला नांगर किलोच्या भावाने जातो. बदल्यात पुष्कळदा प्लास्टिकची खुर्ची येते. ती दोन उन्हाळ्यांत तडकते. राष्ट्रकूटांचे दगड निदान जड म्हणून तरी वाचले.

म्हणून आम्ही साडूंच्या दुकानात बसून ठरवलं आहे की कंधारात नांगराचं संग्रहालय काढायचं. राजा नाही, ३२ एकर नाहीत, बिनव्याजी दहा हजारही नाहीत. मामा म्हणाले, जागेचे कागद ते बघतील. साडूंनी चार जुनी इंजिनं द्यायचं कबूल केलं. शिवाय त्यांतलं एक चालू करून, दर तासाला पाच मिनिटं वाजवून दाखवायचंही कबूल केलं. गावकऱ्यांची मुख्य अट त्यामुळे पुरी झाली. डिझेलचा खर्च वर्गणीतून. तोफ मागायची नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं आहे.

आता फक्त पत्र्याचं एक शेड पाहिजे. कंधारच्या आसपास कोणाचं रिकामं असेल तर कळवा. आणि तोवर घरामागचा नांगर टेम्पोत चढवू नका; फारच घाई असली तर साडूंकडे आणून टाका, भाव भंगारवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त देतील.